राखाडी मीठ

चेहऱ्याची एक बाजू लोंबतेय का?
दोन्ही हात वर होतात का?
एखादं वाक्य बोलायला सांगा त्यांना,
आजचा वार सांगितला तरी चालेल.

पक्षाघाताला आमच्याकडे तीन प्रश्न आहेत,
छातीतल्या कळेला सात.
बुडालेल्याला, भाजलेल्याला,
घशात ऑलिव्हची बी अडकलेल्यालासुद्धा
आवेइरोच्या या खोलीत, भिंतीवर, प्लास्टिकच्या आवरणात
प्रश्न आहेत.

देओलिंदा, तुझ्यासाठी एकही नव्हता.

मी दोन हातांवर बसायचो.
उजव्या कानात लोकांच्या किंकाळ्या, डाव्यात तुझा आवाज.
तेरा वर्षांच्या ओळखीचा,
घाबरलेल्या माणसाला हात धरून जिना उतरवणारा.

पहिल्यांदा काय गेलं, ते आत्ता आठवतं.
शिट्टी.
कॉफीच्या यंत्रापाशी तू वाजवायचीस, पार बेसूर,
आणि आम्ही वैतागायचो.
एके दिवशी खोली शांत वाटली.
मी म्हटलं, चला, सुटलो.

फेब्रुवारीत तुझ्या आईचा फोन आला, तुझ्याच मोबाइलवर,
आणि तू म्हणालीस, "नेमका पत्ता सांगा."
सगळे हसलो.
तू सगळ्यांत शेवटी हसलीस,
कुणीतरी खूण केल्यासारखी.

मग डबा, न उघडता परत.
मग दोन दिवसांची सुट्टी संपवून आलीस
ती सुट्टी घेतलीच नसल्यासारखी.
झोपलीस का, विचारलं.
"अकरा तास," म्हणालीस,
जणू दुसऱ्या कुणाची तक्रार नोंदवून घेत होतीस.

आणि दोना युफेमिया.
रोज रात्री सव्वातीनला त्यांचा फोन.
त्यांना काही झालेलं नसतं.
किती वाजले, एवढंच विचारतात.
तू वेळ सांगायचीस, वर खाडीवरचा वारा कसाय तेही.
त्या रात्री म्हणालीस,
"घरात घड्याळ नाही का तुमच्या?"
आणि लाइन तोडलीस.
मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस,
कुणी तुझ्या मांडीवर विसरून गेलंय असे ते हात.

माझे वडील मिठागरात होते.
उन्हाळा सरता सरता
दंताळ्याला मीठ राखाडी लागायला लागलं
की ते तो वाफा सोडून द्यायचे.
वरून अजून पांढरंच दिसायचं.
मालक ओरडायचा, पंधरा दिवसांचं ऊन बाकी आहे!
वडील म्हणायचे, ऊन आहे हो.
तळ वर यायला लागलाय.

हे मला लहानपणापासून ठाऊक.
तरी त्या रात्रीनंतर शिफ्टचा तक्ता मीच भरला,
तुझ्या नावापुढे सलग सहा.
माणसं कमी होती. माणसं कायमच कमी असतात.
आणि तू नाही म्हणाली नसतीस,
हेही मी हिशेबात धरलं होतं.

सकाळी सातला सुटलो.
नऊला चष्मा विसरला म्हणून परत आलो
तर तू बसथांब्यावर, गळ्यात ओळखपत्र तसंच.
बस आली. दार उघडलं.
चालकाने वाट पाहिली, दार मिटलं.
"कितवी ही?"
"मोजल्या नाहीत."

दुसरं काही येत नाही म्हणून
येतं तेच केलं.
"श्वास नीट येतोय?"
"हो."
"दुखतंय कुठे?"
तू बराच वेळ शोधलंस,
घरभर किल्ली शोधावी तसं.
"दुखत नाहीये, आर्मिंदू. काहीच नाही. तेच तर."
"आत्ता सोबत कोणी आहे का?"

उत्तर आलं नाही.
अशा वेळी लाइन तोडायची नसते, एवढं शिकवलंय आम्हाला.
तक्ता वर होता, पेन वर होतं, चष्माही.
बाक दवाने ओला होता.
बसलो.